ओलपूरचा उन्हाळा

काल आमच्याकडे कूलर सुरू झाला. गॅलरीत वर्षभर ताडपत्री पांघरून बसलेलं ते पत्र्याचं धूड यांनी उघडलं, सडकं गवत ओढून काढलं, नवं भरलं, टाकी घासली, पंपाचं तोंड जुन्या ब्रशनं साफ केलं आणि बटण दाबलं. आधी नुसती धूळ आली. मग तो वास आला. ओल्या गवताचा, गंजलेल्या पत्र्याचा आणि थोडासा तळ्याच्या काठाचा. नागपूरच्या माणसाला हा वास आला की बरं वाटतं. चला बाप्पा, आता जगतो हा उन्हाळा, असं वाटतं. मी मात्र होते तिथंच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, कणकेचे हात घेऊन खाली बसले.

"काय झालं वं?" हे गॅलरीतून म्हणाले.

"काही नाही. थकली मी."

"आताच तं उठली तू!"

खरं होतं. सकाळच होती. पण हा थकवा त्या सकाळचा नव्हताच. काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्याचा तो आहे, आणि दरवर्षी कूलरच्या पहिल्या वाऱ्याबरोबर घरात येतो. तेव्हा थकायला फुरसत नव्हती, म्हणून आता सवडीनं थकते आहे.

आमच्या यांचं सक्करदऱ्याला, तलावाच्या बाजूला, कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. सगळं आयुष्य पाण्यात गेलं म्हणा ना. कुणाच्या घरी जायचं, पंप काढायचा, गवत बदलायचं, आणि निघताना त्या घरच्या बाईनं दिलेला माठातल्या पाण्याचा गडवा उभ्यानं घटाघटा रिकामा करायचा. असं पाणी पिणारा माणूस मी पाहिला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला वाटलं होतं, यांच्या पोटात पण टाकी बसवलेली आहे. मी शाळेत भूगोल शिकवते. नद्या, धरणं, पर्जन्यमान सगळं शिकवते. पण पाण्याची गोडी कशाला म्हणतात ते मी यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना पाहून शिकले.

आणि ह्याच माणसाच्या किडन्या गेल्या. दिवाळीनंतर पाय सुजले, मग चेहरा सुजला, संक्रांतीच्या आसपास एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं. आता प्यालेलं पाणी बाहेर पडणार नाही, अंगात साचेल, साचून फुप्फुसात जाईल, दम कोंडेल. तेव्हा पाणी मोजून. दिवसभराचं मिळून एक लहान बाटली. चहा त्यातच, वरण त्यातच, गोळ्या गिळायच्या त्या त्यातच. आम्ही दोघं माना हलवत ऐकत होतो. बाहेर आल्यावर हे स्वेटरच्या बाह्या खाली ओढत म्हणाले, "इतकंच ना? जमते."

मी मनात म्हटलं, आता थंडी आहे बाबा. मे यायचा आहे.

आला. मे यायच्या आधी एप्रिल आला, आणि एप्रिलमध्येच नागपूरनं दात दाखवले. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. सीताबर्डीला निघालेली माणसं डोक्याला, तोंडाला, कानाला दुपट्टे गुंडाळून अशी चालत होती की सख्खा भाऊ ओळखू येऊ नये. नळाचं पाणी सकाळीच कोमट. भिंतीला पाठ टेकवली की चटका. अशा शहरात, अशा दिवसांत, माणसाला एक बाटली पाणी.

मी घरातली पाण्याची पोलीस झाले. दुसरं कोण होणार? मुलगा पुण्याला नोकरीवर, तो फोनवर "आई, सांभाळ" म्हणायचा. सांभाळत होते. यांनी चूळ भरायला पाणी घेतलं की मी बाजूला उभी राहायची, थुंकलं का ते पाहायला. एकदा ओला रुमाल चोखताना पकडले. एकदा कूलरच्या मागं वाकून, गवतातून निथळणाऱ्या धारेला जीभ लावून बसलेले सापडले. हिरव्या, घाण पाण्याला! मी रुमाल ओढला, हात धरून ओढलं, ओरडले, आणि हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "माणूस आहेस का कोण आहेस तू?"

आणि चोरी लपत नसेच. डायलिसिसच्या आधी वजन करायचे, त्या काट्यावर उभं राहिलं की चोरून प्यालेलं सगळं पाणी दिसायचं. मग नर्स माझ्याकडे पाहायची. यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. तहान मलाही लागायची ना. पण यांच्यासमोर पाणी प्यायची मला लाज वाटू लागली. माठ मी हॉलमधून उचलून मोरीच्या कोपऱ्यात नेला, त्यावर ओलं पोतं टाकलं. स्टीलचा पेला वाजतो म्हणून प्लास्टिकचा आणला. आणि स्वयंपाकघरात ओट्याशी, दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, आवाज न होऊ देता घोट घोट प्यायची. पदरानं तोंड कोरडं करूनच बाहेर यायची. शाळेत असले की मात्र नळाशी उभी राहून पोट दुखेपर्यंत प्यायची.

ओलपूर त्या एप्रिलातलं. त्या दिवशी दुपारी आमचं पाण्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. मी पेपर तपासायला घेतले होते, हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते, कूलर घरघरत होता. खोलीत अंधार आणि तो ओल्या गवताचा वास. बऱ्याच वेळानं हे डोळे मिटूनच म्हणाले, "इथीसा गुडघाभर पाणी आहे."

माझ्या हातातला लाल पेन थांबला. मला वाटलं, डोक्यात गेलं वाटतं. अंगात घाण साचली की भ्रम होतो, असं सांगितलेलं होतं.

"कुठं?" मी हळूच विचारलं.

"ओलपुरात. नागपूर काय, सगळ्याइले माहीत आहे. ओलपूर मलेच माहीत आहे. सगळी दलदल. रस्ता नाही, वावर नाही, जिकडं पाहशील तिकडं चिखल, लव्हाळं आन् पाणी. थंडगार."

"तिथं राहतं कोण?"

"माणसंच राहते. पण एकटं नाही चालता येत तिथं. जमीन रोज जागा बदलते. काल जिथं पाय टेकला तिथं आज कंबरेइतका गाळ. म्हणून परतेकाले एक जनावर भेटते सोबतीले. त्यालेच समजते घट्ट जमीन कुठं आहे ते. आपण नाही निवडायचं, तेच येते आन् बाजूले उभं राहते. अन् एकदा आलं का मंग त्याचा सभाव कसाही असो, निभवायचा."

मी भूगोलाची बाई. मला राहवलं नाही. म्हटलं, "पाणी खारं का गोडं? दलदल समुद्राकाठची का नदीकाठची? त्यावर ठरतं कोणते प्राणी राहतील ते."

"अवं, तुह्या पुस्तकातली दलदल नाही ते," हे वैतागून म्हणाले. पण कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं. सकाळपासून पहिल्यांदा केलं. मी पेपर बाजूला ठेवले.

त्यानंतर ओलपूर रोज दुपारी सुरू झालं. कूलर लागला की आम्ही निघालोच. यांना सगळ्यांत आवड जनावरांच्या स्वभावाची. दिसायला कसं आहे ते एका वाक्यात उरकायचे, स्वभाव मात्र तब्येतीनं सांगायचे. डॉक्टरांना मिळालेलं जनावर म्हणजे टिचकू. बगळ्यासारखं, पण पाय आखूड, त्यामुळे पोट कायम पाण्यात आणि डोकं कायम गरम. टिचकू पाऊल टाकायच्या आधी पाणी मोजतं, टाकल्यावर पुन्हा मोजतं, आणि कुणी हसलं की तिथंच उभं राहून रागावतं. पण ते कुणाला बुडू देत नाही, हे यांनी दोनदा सांगितलं. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना चौकश्या मिळाल्या होत्या. ह्या चौकश्या म्हणजे छोट्या पाणपाखरांचा थवा. झुंडीनं येतात, सगळ्या मिळून एकच विचारतात, कसं वाटते, कसं वाटते, आणि उत्तराच्या आत उडून जातात. मी इतकी हसले की शेजारीण दार वाजवून विचारायला आली, सगळं ठीक आहे ना. हे माझ्या कानात म्हणाले, "पाह्य, आली चौकशी."

डायलिसिसच्या हॉलमध्ये यांच्या बाजूच्या पलंगावर मिश्राजी असायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, जाडजूड, बोलायला मोकळे. मशीन चालू असताना चार तास करायचं काय? हे त्यांना ओलपूर सांगू लागले, नागपुरी हिंदीत. मिश्राजींना आल्याबरोबर जनावर मिळालं, लोळंबा. लोळंबा म्हणजे भलंमोठं कासव, पाठीवर माती साचून तिच्यात कोथिंबीर उगवलेली. आपल्याला घाई असली की लोळंबा बसतो. आपण झोपलो की चालायला लागतो. जाग येते तेव्हा माणूस भलतीकडेच पोचलेला असतो.

"बिलकुल मेरी घरवाली!" मिश्राजी इतके खदखदले की मशीन टुंटुं वाजायला लागलं आणि नर्स धावत आली. पुढं रोज सुया लागल्या की त्यांचा पहिला प्रश्न तोच, "हाँ भाई, अपना कछुआ आज किधर निकला?" आणि हे सांगायचे. अंगातलं रक्त नळीतून बाहेर जाऊन मशीनमधून फिरून परत येत असायचं, आणि हे दोघं लोळंब्याच्या पाठीवर कोथिंबीर खुडत बसलेले असायचे. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर, डब्याची पिशवी मांडीवर धरून, पेंगत ऐकायची.

एक दिवस मी विचारलं, "सगळ्यांना दिलं. माझं जनावर कोणतं?"

हे म्हणाले, "तुले नाही."

"काहून?"

"नाही भेटलं. काय करू?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. पहाटे उठून डबा, मग शाळा, मग दवाखाना, मग घर, मग ह्या माणसाची बाटली आणि ह्या माणसाच्या शिव्या. आणि ह्याच्या बनावट चिखलातसुद्धा मला कुणी सोबतीला नाही! डॉक्टरला टिचकू, मिश्राजींना कासव, त्या चौकश्यांना चौकश्या. मी एकटीनं चालायचं होय? दोन दिवस मी ओलपूरला गेलेच नाही. कूलर लागला की पेपरात डोकं घालून बसायची.

मग जयंती आली. आमच्याकडे जयंती म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. चौकाचौकात मंडप, निळे झेंडे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी थंड पाणी, ताक, शरबत. येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून थांबवतात आणि पेला हातात देतात. हे लहानपणापासून ह्या दिवशी शरबताच्या टाकीशी उभे राहायचे. दरवर्षी बर्फ हेच फोडायचे. त्या वर्षी पण हट्टानं निघाले. "नुसता उभा राहतो, जयभीम करतो, येतो." मी सोबत गेले. चौकात पोचलो नाही तोच ओळखीची पोरंबाया धावली. "काका, शरबत घ्या." "मामाजी, ताक घ्या ना." रंगीत शरबताचे पेले, वर बर्फाचे तुकडे, बाहेरून घामेजलेले. हे हात जोडत होते. नको, जयभीम. नको, जयभीम. जितकं नको म्हणत होते तितका आग्रह वाढत होता, कारण जयंतीला नको म्हणणाऱ्याला आपल्याकडे कुणी ऐकून घेत नाही. एक म्हातारी बाई तर रुसली, माझ्या हातचं चालत नाही का म्हणाली. यांनी तिच्या हातातला पेला घेतला. यांनी तो दोन्ही हातांनी गालाला लावला, मग कपाळाला लावला, आणि माझ्याकडे दिला.

"तू पी," म्हणाले.

मी नाही प्याले. यांच्यासमोर कसं पिणार? मागून येणाऱ्या माणसाला पेला देऊन टाकला. आम्ही घरी निघालो. यांच्या गालावर पेल्याचा ओला गोल बराच वेळ तसाच होता.

नंतरच्या आठवड्यात दादा आले. दादा म्हणजे यांचे थोरले भाऊ. काटोलच्या संत्रा मंडीत मालाची निवड करतात, पेट्या भरून देतात. बसनं येतात आणि हातात पिशवी असल्याशिवाय येत नाहीत. ओलपुरात दादांना मिळालेला होता हुंबाड्या. हल्यासारखा, म्हणजे रेड्यासारखा प्रचंड, पाठीवर शेवाळ, डोळे मवाळ. हुंबाड्याचा स्वभाव असा की त्याला माणसांवर माया फार. ती माया कुठं ठेवावी ते मात्र त्याला कळत नाही. आपण बुडत असलो की तो दयेनं आपल्याला आणखी गवत आणून देतो.

नागपुरात आजारी माणसाला भेटायला जाताना काय नेतात? संत्री. हे विचारायची गोष्टच नाही. कुणाचं हाड मोडो, कुणाला कावीळ होवो, बाळंतीण असो, संत्री. आम्हाला ते फळ वाटतच नाही, औषध वाटतं. आणि डायलिसिसच्या माणसाला तेच विष. त्यातलं पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदय बंद पाडू शकतं. मी दादांना फोनवर सांगितलेलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं. पण ज्या माणसाचं आयुष्य संत्र्यात गेलं, त्यानं संत्र्यानं माणूस मरतो हे खरं कसं मानावं?

मी शाळेत निकालाच्या कामाला गेले होते. दादा आले, यांना पाहून 'पक्या, वाळून गेला रे तू' म्हणून रडले, आणि मृगाच्या बहाराची निवडक संत्री सोलून सोलून भावाला भरवली. पाणी नाही चालत ना, मग फळ तर चालेल. फोडीवरची पांढरी सालसुद्धा काढून. आणि हे खात गेले. तहानलेला माणूस होता तो, भाऊ भरवत होता.

मी घरी आले तेव्हा यांचे पाय उचलत नव्हते. जीभ जड, छातीत भलतीच धडधड. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तातडीनं मशीन लावलं. दारावरच्या काचेतून मला फक्त यांचे तळपाय दिसत होते. मी त्या तळपायांना म्हणत होते, हला, हला रे बाबा. संध्याकाळपर्यंत असंच.

दादा बाकावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून, जणू ते दुसऱ्याचे हात आहेत. त्या हातांना संत्र्याचा वास येत होता. दवाखान्याच्या पूर्ण व्हरांड्याला येत होता.

"सुनंदा," दादा म्हणाले, "म्या काय केलं वं हे? म्या भावाले काय खाऊ घातलं?"

मला बोलायचं खूप होतं. फोनवर सांगितलं नव्हतं का, विचारायचं होतं. पण मी नुसती बाजूला बसले. हुंबाड्या आहे, म्हटलं, ह्याला काय बोलायचं.

हे वाचले. दोन दिवसांनी डोळे नीट उघडले. घसा इतका कोरडा की आवाज खरखरत होता. मी कापसाचा बोळा भिजवून ओठांवर फिरवत होते. त्या वेळी मीच ओलपूर काढलं. म्हटलं, काहीतरी बोलू दे, झोपू नये. "तुमचं स्वतःचं जनावर कोणतं? ते कधी सांगितलं नाही."

"माहं?" हे ओठ ओले करून म्हणाले. "माहं लय खडूस आहे. लहानसंच आहे, पण पुढं पुढं चालते. म्या चुकीचं पाऊल टाकलं का चावते. वरडते. कटकटं आहे. अन् एक खोड आहे त्याची."

"कोणती?"

"माह्यासमोर पाणी नाही पेत. चहूकडे पाणीच पाणी, पण हे तहानलं का झुडपामागं जाते, पाठ करते आन् पेते. आवाज नाही करत. लोकाइले वाटते, याले तहानच नाही. त्याचं नाव पाठमोरी."

तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं. दोन दिवस त्या बाकावर काढले होते, डोळे मिटत होते, आणि माझ्यातली भूगोलाची बाई तेवढी जागी होती. मी म्हटलं, "असं जनावर असूच शकत नाही. पाणी पिताना कोणतंच जनावर पाठ करत नाही. मागून काही आलं तर? पाणवठ्यावर सगळ्यांत जास्त सावध असतात ते."

"म्हणूनच तं म्हणतो," हे डोळे मिटत म्हणाले, "लय हिंमतीचं आहे."

मे गेला कसा ते मला सांगता येत नाही. दिवस आठवत नाहीत, नुसती बाटली आठवते, सकाळी भरायची आणि संध्याकाळी तळ दिसायचा. मेच्या शेवटी एका सकाळी मिश्राजींच्या पलंगावर दुसराच माणूस होता, बारीक, तरणा. यांनी नर्सकडे पाहिलं. नर्सनं चादर सारखी केली. सुया लागल्या. मशीन सुरू झालं. हे माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लोळंबा रात्री निघून गेला असन. झोपले असतीन ना मिश्राजी." मी यांचा मोकळा हात धरून बसले. त्या दिवशी यांनी बाटलीतलं अर्धं पाणी परत दिलं. तहान नाही म्हणाले.

मला किडनी द्यायची होती. तपासायला गेले तर मलाच साखर निघाली. डॉक्टरांनी नाही म्हटलं तेव्हा मला भर दवाखान्यात रडू आलं. जिथं तिथं माझी नुसती कटकट कामाची, बाकी काही नाही, असं वाटलं. पावसाळा लागल्यावर दादा आले. काटोलच्या बसनं, आणि पहिल्यांदाच हातात पिशवी नव्हती. दारातच उभे राहिले, चपला काढायच्या आधी म्हणाले, "पक्या, माहं रक्त जुळते म्हणते. म्या तपासून आलो. तू आता नाही म्हणू नोको." हुंबाड्यानं ह्या खेपेला बरोबर वस्तू आणली होती. पुढच्या थंडीत ऑपरेशन झालं. दोघं भाऊ दोन खोल्यांत, आणि मी मधल्या व्हरांड्यात इकडून तिकडं.

आता सगळं उलटं आहे. नवीन किडनी आहे, तिला पाणी लागतं. भरपूर प्या म्हणतात डॉक्टर, तहान नसली तरी प्या. आणि ह्या माणसाची तहानच गेली आहे! सवय मोडली ती मोडलीच. मी दिवसभर मागं लागते. अहो, पाणी प्या. अहो, बाटली तशीच आहे. काय म्हणावं ह्याला? आधी पिऊ नका म्हणून ओरडायची, आता प्या म्हणून ओरडते. गळा तोच, ओरडणं तेच. दादा सणाला येतात, आणि संत्री आणताना आधी फोन करून डॉक्टरांना विचारायला लावतात. ओलपूर मात्र पुन्हा निघालं नाही. बरं झालेल्या माणसाला त्याची गरज राहिली नसावी. मीही काढलं नाही. मनात एवढंच राहून गेलं होतं, की सगळ्यांना जनावरं दिली आणि मला नाही दिलं. हसू येईल कुणाला. एवढं सगळं झालं, माणूस वाचला, आणि ही बाई एका खोट्या जनावरासाठी रुसून आहे. पण रुसवा होता, तर होता.

तर काल कूलर लागला. मी उंबऱ्यावरून उठले, पोळ्या केल्या. ऊन चढलं. घशाला कोरड पडली म्हणून ओट्याशी गेले, पेला भरला आणि पिऊ लागले.

"सुनंदे."

मी दचकले. हे दारात उभे होते, हात गवताच्या काड्यांनी भरलेले, पाणी मागायला आले असतील असं वाटलं. "देते," मी पदरानं तोंड पुसत म्हटलं.

"मले नाही पायजे. तू कायले पाठ करून राहिली?"

मी पाहिलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. हातात तोच प्लास्टिकचा पेला. एवढी वर्षं झाली, माठ परत हॉलमध्ये आला, ह्या माणसाला मी दिवसभर पाणी पाजते, आणि मी अजून चोरून पिते आहे. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सवय झाली," मी म्हटलं.

"मले माहीत आहे. तवाच माहीत होतं. भिंतीवर तुह्यी सावली दिसे, मान वर झाली का समजे." हे आत आले. "म्हणून तं तुले जनावर नाही दिलं. जनावराले कुठी जनावर असते वं? मले तूच भेटली होती."

मला एकदम दवाखान्यातला तो दिवस आठवला, ओला कापूस, खरखरता आवाज, आणि पाणवठ्यावरची माझी ती हुशारी. अस्सं रडू फुटलं की पेल्यातलं पाणी हातावर सांडलं. यांनी माझ्या हातातला प्लास्टिकचा पेला घेतला, खिडकीत ठेवला. फळीवरून स्टीलचा गडवा काढला, हॉलमध्ये जाऊन माठातून भरून आणला आणि माझ्या पुढं धरला.

"माह्याकडं तोंड करून पी," म्हणाले.

मी प्याले. आधी जमेना, घोट अडकला. मग जमलं. घटाघटा, आवाज करत, गळ्यावरून ओघळ जाऊ देत, पूर्ण गडवा. हे समोर उभे राहून पाहत होते. मी रिकामा गडवा ओट्यावर ठेवायला गेले, तर तो त्यांनी हातातून घेतला, पुन्हा काठोकाठ भरून आणला, आणि म्हणाले, "अजून पी."